मासा उपाशी असताना

मला तो मासा आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नवरा गेला की बायका त्याच्या आठवणींत काहीबाही गोड लिहितात. मला ते जमत नाही. करंगळीएवढा जीव, आणि अंगावर निळ्या, केशरी, हिरव्या रेघा अशा, की रांगोळी काढून झाल्यावर कुणीतरी त्याच्यावर हात पुसलेत. धड माशासारखा पोहतही नाही. पोटाखालच्या दोन परांवर दगडावरून चालत जातो, थांबतो, तिरकं बघतो आणि टिपतो. दिवसभर त्याचं तेच. मँडरिन म्हणतात त्याला.

त्याच्या खाण्याचे नखरे तर विचारू नका. विकतचं कोरडं खाद्य तोंडासमोरून गेलं तरी ढुंकून बघत नाही. खाऱ्या पाण्यातल्या दगडांच्या खाचांत पिठाच्या कणाएवढे जिवंत किडे असतात, तेवढेच हा खातो. मोठ्या टाकीत ते किडे आपोआप वाढत राहतात. आमच्यासारख्या दोन फुटी टाकीत हा गडी ते थोड्याच दिवसांत फस्त करतो आणि मग उपाशी राहतो. मरतो तेही पटकन नाही. रंग तसेच, टिपणं तसंच, फक्त पोट आत आत जात राहतं. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटतं, मासा मजेत आहे.

आमच्या ह्यांचं शेगावात स्टेशनकडच्या रस्त्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. समुद्र आम्ही दोघांनी मिळून एकदाच पाहिला, तोही घाईत. पण इंटरनेटवर बघून बघून त्यांनी घरात खाऱ्या पाण्याची टाकी केली. आधी केशरी पट्ट्यांचा एक मासा आणला. तो हावरट, बोट दाखवलं तरी खायला धावायचा. त्यात ह्यांचं मन भरलं नाही. मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यात हा मँडरिन आला. मी म्हटलं, "जो खात नाही तो आणलाच कशाला?" तर म्हणाले, "खानारे कोनीबी सांभाळते. न खानाऱ्याले खाऊ घालनं, ते खरं." मी कपाळावर हात मारून घेतला.

माझं माहेर लोणारजवळच्या बीबीकडचं, तिथं पाणी गोड. सासरचं गाव पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की मिठाचा खडा चघळल्यासारखं वाटतं. लहानपणापासून ह्यांनी तेच प्यायलं. पुढे मूत्रपिंडं निकामी झाली. कशामुळे, ते डॉक्टर स्पष्ट बोलले नाहीत. गावात मात्र सगळे स्पष्टच बोलतात. मग डायलिसिस सुरू झालं. जेवणात मीठ नाही, पाणी मोजून. ज्या माणसाला मीठही वर्ज्य आणि पाणीही वर्ज्य, त्याने पलंगाला लागून मिठाच्या पाण्याची टाकी मांडावी आणि तासन्‌तास तिच्याकडे बघत पडावं, याचा मला फार राग यायचा.

मासे आले त्या सुरुवातीच्या दिवसांत ह्यांच्या एका मित्राने डोकं लढवलं होतं. "अबे, आपल्या विहिरीचं पानी खारंच हाये, मीठ इकत कायले आनतं?" दोघं गावी जाऊन कॅन भरून घेऊन आले. दोन छोटे निळे मासे त्या पाण्यात सोडले, ते संध्याकाळ व्हायच्या आत उलटे झाले. समुद्राचं खारट वेगळं आणि आमच्या जमिनीचं खारट वेगळं. माझा भाऊ फोनवर म्हणाला, लोणारच्या सरोवराचं आणून देऊ का? आम्ही सगळे हसलो. हेही हसले, आणि मग हातातल्या मेलेल्या माशाकडे बघत म्हणाले, "आमी जन्मभर पेलो अन् याले एक दिवस नाही पचलं." त्यानंतर ते पिशवीतलं मीठच आणायला लागले.

मँडरिनसाठी त्यांनी खिडकीत बाटल्या मांडल्या होत्या. काही बाटल्यांत हिरवंगार पाणी, म्हणजे शेवाळच, आणि काहींत ते किडे, जे ते शेवाळ खाऊन वाढायचे. मला ते फक्त नासलेलं पाणी दिसायचं. एकदा त्यांनी टॉर्च लावून दाखवलं, तेव्हा दिसलं, पाण्यात पीठ चालत होतं. रोज थोडं थोडं ते फडक्यातून गाळायचं आणि नळीने माशाच्या पुढ्यात सोडायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते. पण त्या बाटल्यांत इतके जीव आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटच्या महिन्यांत त्यांचं जेवण सुटलं. बिनमिठाच्या भाजीला मी लिंबू पिळून बघितलं, जिरं परतून बघितलं, रागावून बघितलं, रडून बघितलं. ताट सरकवून द्यायचे आणि सकाळी उठल्या उठल्या माशाचं पोट बघायचे. "बाजूनं पाह्य," मला म्हणायचे, "वरून नाही कळत. बाजूनं पोट भरलेलं दिसलं पायजे." मी एकदा भडकले. "आणि तुमच्या पोटाकडे कोण बघणार?" सासूबाई वाटीत पेज घेऊन यायच्या आणि चमच्या-चमच्याने भरवायच्या. आईच्या हातून ते दोन घास खायचे. माझ्या हातून नाही, हे मला लागलं होतं, अजूनही लागतं.

चैत्राच्या उन्हात ते गेले. दवाखान्यातून घरी आणलं, नेलं. आमच्याकडे मयत झालं की घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून देतात. माठ, हंडे, बादल्या, सगळं रिकामं. ते पाणी मेलेल्या माणसाच्या घरातलं, ते कुणी प्यायचं नाही. बायका एकेक भांडं मोरीत उपडं करत होत्या. मी भिंतीला टेकून बसले होते. मोरीतून हिरवं पाणी वाहत गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आणि मला त्याचा अर्थ लागला नाही. कुणीतरी टाकीकडेही वळलं, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "ते राहू द्या. त्याच्यात जीव हाये." आणि खिडकीतली शेवटची बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने ओतली.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. सासरे आधीच गेलेले, मूलबाळ आम्हाला नाही. घरात मी, सासूबाई, आणि टाकीत ते दोन मासे. उन्हाळा असा की भिंतीला हात लावला तर चटका बसावा. टाकीवर पंखा लावून मी शाळेचे पेपर तपासत बसायचे. दुपारी भारनियमनाची वेळ झाली की वीज जायची, टाकीचा पंप बंद व्हायचा आणि घर एकदम मुकं व्हायचं. ती घरघर इतकी अंगवळणी पडलेली, की थांबल्यावरच तिची आठवण व्हायची. आजारपणातही अशी वीज गेली की हे उठायचे. पलंग करकरायचा, घसा खाकरायचे आणि भिंत धरून बॅटरीवरचा पंप लावायला जायचे.

ते गेल्यावर पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी मान वर करून म्हणालेसुद्धा, "तुम्ही पडा, मी लावते."

पलंग करकरला होता, घसा खाकरल्याचा आवाज आला होता. बघते तर पलंगावर चादर तशीच ताणलेली. लोखंडी पलंग उन्हात तापला की करकरतो, हे मी सातवीच्या पोरांना शिकवते. धातू उष्णतेने प्रसरण पावतात. पण धातू घसा खाकरत नाहीत. मी उठून बॅटरीचा पंप लावला. टाकीत मँडरिन पलंगाकडच्या काचेला येऊन थांबला होता, मला पाठमोरा.

तेव्हा मी त्याला बाजूने बघितलं. पोट आत गेलेलं होतं.

मग लक्षात आलं, हिरवं पाणी कुठे गेलं ते. मी खिडकीत गेले, तिथे बाटल्यांच्या बुडाचे गोल डाग फक्त होते. मला एवढंच सुचत होतं की हा मासा मरता कामा नये. ह्यांनी शेवटपर्यंत जगवलेला हा एकच जीव. स्वतः जगले नाहीत, याला जगवलं. तो माझ्या हातात आल्यावर पंधरा दिवसांत उपाशी मेला, असं मला नको होतं. प्रेम वगैरे नव्हतं ते, हट्ट होता.

मुंबईहून किड्यांच्या बाटल्या मागवल्या. गाडी दुपारी आली, खोकं डिकीत भाजून निघालेलं. बाटलीतलं पाणी चहाइतकं कोमट, आणि तळाशी मेलेलं पीठ. पुन्हा मागवल्या, पुन्हा तेच. बाटल्या पाठवणारा माणूस म्हणाला, मॅडम, पाऊस पडल्याशिवाय काही खरं नाही. इकडे वीज जायची तेव्हा तेव्हा पलंग करकरायला लागला. मासा जसजसा बारीक होत गेला, तसतसं हे जास्त येऊ लागले. आधी नुसती करकर, मग चपलांचा आवाज, मग डेटॉलचा आणि त्यांच्या अंगाचा मिळून एक वास. मी कुणाला सांगितलं नाही. सासूबाई समोरच बसलेल्या असायच्या, तांदूळ निवडत; त्यांचा हात मध्येच थांबायचा, एवढं मला दिसायचं.

मी चिडचिडी झाले होते. एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "काऊन व, त्या मासोळीपाई जीव काढून राह्यली?" मी तोंड सोडलं. "तुम्ही त्याचं अन्न ओतून दिलं मोरीत. त्या बाटल्यांत त्याचं खाणं होतं. एवढे दिवस उपाशी आहे तो."

सासूबाई माळकरी. अंड्याचं टरफलसुद्धा या घराने पाहिलेलं नाही. त्यांनी विचारलं, "जिते व्हते का त्याच्यात?"

"हो. हजारोंनी."

"माह्या लेकानं पोसले व्हते?"

मी हो म्हटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या मोरीपाशी जाऊन बसल्या. ओल्या फरशीवर हात ठेवून बसून राहिल्या. मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली, पण शब्द मागे घेता येत नव्हते. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दुकान आवरायला गेले, तेव्हा तिथल्या खणात आर्टेमियाच्या अंड्यांचा डबा सापडला. तपकिरी धूळ दिसते ती. खाऱ्या पाण्यात घालून हवेची नळी सोडली की दुसऱ्या दिवशी त्यातून केशरी टिंबांएवढे जीव वळवळत बाहेर येतात. मँडरिनचं हे नेहमीचं अन्न नव्हे, पण पाऊस येईपर्यंत तग धरायला पुरलं असतं. मी उलट्या बाटलीत ते उबवले, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळले आणि नळीने सोडले. मँडरिनने एक टिपलं न टिपलं, तोवर तो केशरी पट्टेवाला हावरट सगळं गिळून मोकळा. परत सोडलं, परत तोच. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

सासूबाई मागे उभ्या होत्या. "असं नाही होत," त्या म्हणाल्या. "दुबळं वासरू दुसऱ्या ढोरांसंगं खाते का कधी? त्याले येगळं चारा लागते." त्यांनी लोणच्याची बुटकी बरणी स्वच्छ घासून आणली. ती वाळूत आडवी ठेवली आणि नळीचं टोक आत सोडलं. केशरी टिंबं बरणीतच घोटाळत राहिली. हावरट दोनदा तोंड घालून बघून गेला, आत शिरायची त्याची हिंमत होईना. पण मँडरिनलाही आत जायचं सुचेना. त्याच्या पुढ्यात एकेक थेंब सोडत सोडत त्याला बरणीच्या तोंडाशी आणायला हवं होतं, आणि माझा हात थरथरत होता. जोरात दाबलं की मासा दगडामागे पळायचा.

"मले दे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, हे जिवंत आहेत. तुम्हाला चालायचं नाही."

त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढली. मी लग्न होऊन आल्यापासून ती माळ कधी उतरलेली पाहिली नव्हती. तापात नाही, लेकाला नेलं त्या दिवशीही नाही. देव्हाऱ्यातल्या खिळ्याला ती अडकवून त्या परत आल्या. "पाप लागन तं मले लागन," म्हणाल्या, "आन ते नळी." टाकीसमोर पाट घेऊन बसल्या आणि ज्या हाताने लेकाला पेज भरवली होती, त्याच हाताने थेंब सोडू लागल्या. न हलता, न बोलता. थेंब, थांबणं, पुन्हा थेंब. अख्खी सकाळ गेली. मासा तसूतसूने सरकला, बरणीच्या काठावर चढला, आत डोकावला आणि मग पूर्णच आत गेला. आत त्याने टिपायला सुरुवात केली ती थांबेचना. मी बाजूने बघत होते. सासूबाई उठल्या, अंघोळ करून आल्या आणि माळ घातली.

मग तो रोजचा नेम झाला. माळ उतरायची, भरवायचं, अंघोळ, माळ. काही दिवसांनी मासा हाताची सावली बघूनच बरणीत जाऊन बसायला लागला. पोट सपाट झालं, मग गोल दिसू लागलं. पाऊस लागला, हवा निवली, मुंबईहून बाटल्या जिवंत आल्या आणि खिडकीत पुन्हा हिरवं पाणी उभं राहिलं. माझा हातही एव्हाना स्थिर झाला होता.

आणि हे यायचे थांबले.

आधी लक्षात आलं नाही. मग एका दुपारी वीज गेली, पंप थांबला आणि मी पेन खाली ठेवून वाट बघत बसले. पलंग करकरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पावसाळ्यात पलंग तापत नाही, हे मला कळतं, उगाच कुणी समजावू नये. पण मला त्याचबरोबर हेही कळत होतं की मासा उपाशी होता तोवर ते येत होते. त्यांची काळजी मिटली, म्हणून ते आता येत नव्हते. ज्याची मला उन्हाळाभर भीती वाटली, त्याच्यासाठी माझा जीव आता तळमळायला लागला. शाळेतून घरी येताना वाटायचं, आज तरी.

श्रावणात सासूबाई पिंपळगाव राजाला त्यांच्या बहिणीकडे गेल्या. जाताना मला दहादा बजावलं, माशाचं बघ. पहिल्या दिवशी सकाळी मी नळी भरून टाकीपाशी गेले, आणि सोडली नाही. आज राहू दे, म्हटलं. एक दिवसाने मरत नाही तो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या दिवशीही मी त्याला काही दिलं नाही. मासा बरणीत जाऊन बसला, रिकामी बरणी टिपत राहिला, बाहेर आला, परत गेला. मी पलंगासमोर खुर्ची टाकून बसले. दुपारी वीज गेली. मी ऐकत होते. नळाचं थेंब थेंब पाणी, बाहेर रिक्षा, देवळाकडे चाललेल्या लोकांचं बोलणं. घरात काही नाही. मी मोठ्याने म्हटलं, "अहो, मासा उपाशी आहे." एवढ्यात दाराची कडी वाजली.

सासूबाई एक दिवस आधीच परत आल्या होत्या. पिशवी हातात तशीच ठेवून त्यांनी आधी टाकीकडे बघितलं, मग माझ्या खुर्चीकडे, मग पलंगाकडे. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी बोलू दिलं नाही.

"कधीपासून नाही देल्लं?"

"काल सकाळपासून," मी म्हटलं.

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मला वाटलं आता बोलतील, फाडून खातील, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चादरीवरून हात फिरवला.

"मले बी आयकू येत व्हतं," त्या म्हणाल्या. "तू शाळेत गेली म्हंजे म्या बी एक रोज त्याले उपाशी ठेवला. वाटलं, येईन माहं लेकरू. लय वेळ बसली मी अठी." त्यांनी चादरीची सुरकुती ओढून सारखी केली. "नाही आला व. नाही येत तो आता. चार त्याले."

मी उठले. नळी भरली. सासूबाईंनी या वेळी माळ काढली नाही, पाटही घेतला नाही; पलंगावर बसूनच बघत राहिल्या. मी पहिला थेंब सोडला तेव्हा मला समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते. मासा खातोय की नाही, हे त्यांनीच मला सांगितलं.